शंभराच्या दोन बंडलांत नेपाळ

माझे वडील, अण्णा, एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण समोर कोणी नोटा मोजायला लागलं की त्यांची बोटं अजून आपोआप हलतात. गणपतीत एकदा जेवताना त्यांनी जाहीर केलं, "एकदा परदेश बघायचा. पण दोघांचे मिळून तीस हजार. वर एक रुपया नाही."

मी व्हिएतनाम, थायलंड, श्रीलंका अशी यादी काढली. स्वस्त म्हणून सगळे हीच नावं घेतात, आणि तिथं जाऊन पडलं की हे देश स्वस्त आहेतही. पण जाऊन पडायचेच पैसे लागतात. दोघांच्या विमानात आमचे तीस हजार उडून जात होते. शिवाय अण्णांकडे पासपोर्ट नाही. मतदार ओळखपत्र आहे, आणि त्यावर भारतीय माणसाला दोनच देशांत जाता येतं, नेपाळ आणि भूतान. भूतानमध्ये आपल्याला दर रात्री माणशी बाराशे रुपये नुसतं शुल्क पडतं. हे ऐकून अण्णांनी भूतानवर काट मारली.

राहिला नेपाळ. आईचा विरोध होता, आणि तो उगाच नव्हता. २३ ऑगस्ट २०२४ ला जळगाव जिल्ह्यातल्या भाविकांची बस नेपाळात नदीत कोसळली होती. भुसावळ, वरणगावकडची माणसं. पंचवीसहून जास्त गेली. आईने टीव्ही बंद केला होता तो दिवस मला आठवतो. अण्णा एवढंच म्हणाले, "कसारा घाटात मी तीस वर्षं उभा राहून गेलोय." आई म्हणाली, "तो घाट तुमच्या ओळखीचा होता."

तरी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. अण्णांच्या आतल्या खिशात शंभराच्या नोटांची दोन कोरी बंडलं होती, कारण आपली दोनशेची आणि पाचशेची नोट तेव्हा नेपाळात चालत नव्हती. बँकेतून शंभराची बंडलं मिळवायला त्यांना तीन चकरा पडल्या. तिसऱ्या चकरेला ते खुशीत घरी आले. पुन्हा ड्युटीवर चालल्यासारखे.

पहिला दिवस: कुशीनगर एक्स्प्रेस

नाशिक रोडला गाडी मध्यरात्र उलटल्यावर आली. स्लीपरचं तिकीट सातशेच्या आत. रेल्वेची ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, यावर अण्णांचं भाषण मनमाडपर्यंत पुरलं. "एसटीत पासष्टला अर्धं तिकीट, पंचाहत्तरला फुकट. आणि ही बघा केंद्र सरकारची गाडी!"

पहाटे भुसावळ आलं. अण्णा जागेच होते. चहावाल्याकडून दोन कप घेतले, खिडकीतून फलाटावरची पाटी बघत राहिले आणि काहीच बोलले नाहीत.

बाकी दिवसभर गाडी, गाडी आणि गाडी. इटारसी, भोपाळ, झाशी. मुंबई-नाशकात काम करणारी पूर्वांचलातली पोरं गावी निघालेली, दोन सीटवर पाच जण. घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी झाशीपर्यंत पुरली.

दुसरा दिवस: गोरखपूर, सोनौली, लुंबिनी

गोरखपूरचा फलाट १,३६६ मीटर लांब आहे. २०२३ मध्ये हुबळीचा झाला तोवर जगात सगळ्यात लांब हाच होता. आमचा डबा नेमका टोकाला लागला.

मला वाटलं होतं इथून थेट सोनौलीची बस धरायची. अण्णा म्हणाले, "आधी गोरखनाथ." रिक्षात बसल्यावर त्यांनी मनातलं बाहेर काढलं. आम्ही नाशिकचे, म्हणजे पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथांची यात्रा ठरलेली. "निवृत्तीनाथांचे गुरू कोण? गहिनीनाथ. गहिनींचे गोरक्षनाथ. गोरक्षांचे मच्छिंद्रनाथ. आता बघ, निघालो कुठून? त्र्यंबकच्या दारातून. आज गोरखपूर. आणि मच्छिंद्रनाथ काठमांडूजवळ पाटणला आहेत. तांबडे मच्छिंद्रनाथ. मला कुशावर्तावर एका जोग्याने सांगितलं होतं, तेव्हा मी नोकरीला होतो."

म्हणजे परदेश वगैरे वरवरचं होतं. माणूस ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा उलट्या बाजूने चढायला निघाला होता, आणि ती तीस हजारांत बसते का ते बघत होता.

गोरखनाथांच्या मंदिरात फार वेळ गेला नाही. तिथून बस डेपो आणि उत्तर प्रदेश परिवहनची खडखडती गाडी. सोनौली शंभरएक किलोमीटर, साधारण तीन तास.

सीमा म्हटल्यावर माझ्या डोक्यात जे होतं तसलं तिथं काही नाही. ट्रकची लांबच लांब रांग, सायकलरिक्षा, डोक्यावर पोती घेतलेल्या बायका आणि मध्ये एक कमान. सशस्त्र सीमा बलाच्या जवानाने अण्णांचं ओळखपत्र बघितलं, माझा पासपोर्ट चाळला आणि मान हलवली. भारतीयांना व्हिसा नाही, शिक्काही नाही. माझा कोरा पासपोर्ट कोराच राहिला, याचं मला वाईट वाटलं हे कबूल करते.

कमानीपलीकडे पाट्या सगळ्या देवनागरीत, आणि तरीही परक्या. 'भन्सार कार्यालय' म्हणजे कस्टम्स. 'अध्यागमन' म्हणजे इमिग्रेशन. 'प्रहरी' म्हणजे पोलीस, 'पसल' म्हणजे दुकान. गाड्यांच्या नंबरप्लेटसुद्धा देवनागरीत. अण्णा पहिल्या वर्गातल्या पोरासारखे पाट्या मोठ्याने वाचत चालले होते. परदेशात गेल्यावर माणूस निरक्षर होतो म्हणतात, अण्णांच्या बाबतीत उलटच झालं.

नेपाळचा रुपया आपल्याशी बांधलेला आहे. आपले शंभर म्हणजे तिकडचे एकशेसाठ, १९९३ पासून हाच दर. कमानीशेजारच्या टेबलावरचा एक जण शंभराला एकशेपन्नास देत होता. अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो स्वतःहून एकशेसाठवर आला. आपली शंभराची नोट दुकानांतही सरळ चालते, 'आयसी' म्हणतात तिला. पण सुट्टे मात्र नेपाळीत परत येतात आणि प्रत्येक वेळी डोक्यात भागाकार करावा लागतो. मला कंटाळा येई. अण्णांना तोच खरा प्रवास वाटत होता.

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. अण्णांनी तिथंच उभं राहून एचएमटीचा काटा सरकवला. मग भैरहवा आणि तिथून दुसऱ्या गाडीने लुंबिनी, बावीसएक किलोमीटर.

तिसरा दिवस: लुंबिनी

स्वस्तात फिरणाऱ्याला लुंबिनीतली एक सोय माहीत हवी. विहारांच्या भागात एक कोरियन विहार आहे, तिथं यात्रेकरूंना राहता येतं. आम्हाला माणशी सहाशे नेपाळी पडले, म्हणजे आपले पावणेचारशे. त्यात खोली आणि तिन्ही वेळचं जेवण. खोली म्हणजे गादी, मच्छरदाणी आणि भिंत. जेवणाची घंटा झाली की रांग लावायची, हवं तेवढं वाढून घ्यायचं, ताट आपलं आपण घासायचं. भात, भाजी, पातळ सूप आणि कोबीची आंबट-तिखट किमची. अण्णांनी ती पहिल्या घासाला बाजूला सारली आणि रात्री दोनदा मागून घेतली.

सकाळी मायादेवी मंदिर. आत जुन्या विटांचे पाये आणि जन्मस्थानाचा दगड. बाहेर अशोकाचा स्तंभ, बारीक कुंपणात, उंचीला काही विशेष नाही. पण त्यावरचा ब्राह्मीतला मजकूर मला माहीत होता, तो अण्णांना सांगितला. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी अशोक स्वतः इथं आला, आणि बुद्ध इथं जन्मले म्हणून लुंबिनी गावाचा कर माफ करून सारा फक्त आठवा हिस्सा ठेवला.

अण्णा थांबले. "म्हणजे सवलत दिली!"

"हो."

"आणि दगडावर लिहून दिली. म्हणून टिकली." एवढं बोलून ते रेल्वेमंत्र्यांबद्दल जे बोलले ते इथं देत नाही.

बोधिवृक्षाखाली पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायकांचा घोळका बसला होता. त्यांचं मराठी लांबूनच ऐकू आलं. अकोल्याकडच्या. "तुमी कोनत्या गावचे हो?" अशी सुरुवात झाली आणि पाच मिनिटांत आमच्या हातात चिवडा होता. त्या सारनाथ, कुशीनगर करून आल्या होत्या. त्यांच्यातल्या एक आजी मला म्हणाल्या, नागपूरला दीक्षा दिल्यावर महिन्याभरातच बाबासाहेब नेपाळला आले होते, तब्येत बरी नसताना. खरं आहे ते. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूत जागतिक बौद्ध परिषद झाली आणि तिथं बुद्ध आणि मार्क्स या विषयावर त्यांनी भाषण केलं. पुढे ६ डिसेंबर. आजी एवढंच म्हणाल्या, "आमाले तर चांगल्या गाडीत बसून याले भेटलं."

दुपारी भाड्याच्या सायकलीवर मी विहार फिरले. हा सगळा परिसर केन्झो तांगे या जपानी वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार आखलाय. मधोमध कालवा, पूर्वेला थेरवादी देशांचे विहार, पश्चिमेला महायानी. थोड्या वेळाने सगळं प्रदर्शनातल्या दालनांसारखं वाटायला लागतं. मी परत येऊन अण्णांशेजारी स्तंभापाशी बसले. ते तिथून हललेच नव्हते.

चौथा आणि पाचवा दिवस: तानसेन

सगळ्या प्रवासातलं मला सर्वांत आवडलेलं गाव हे, आणि आपल्याकडून जाणारे बहुतेक जण इथं उतरतच नाहीत.

बुटवल सोडलं की सपाटी संपते आणि पहाड अंगावर येतो. सिद्धबाबाच्या टप्प्यात वरून दरडी कोसळतात म्हणून बोगद्याचं काम चाललं होतं. ड्रायव्हर तिथं गाडी दामटतो आणि सगळे गप्प बसतात. अण्णांचं लक्ष मात्र दारातल्या पोरावर होतं. नेपाळी बसला घंटी नाही. दारात लटकणारा पोरगा पत्र्यावर हाताने थापा मारतो. एक थाप, गाडी थांबते. दोन थापा, निघते.

"डबल बेल!" अण्णा एकदम खूश. "तीच भाषा आहे गं."

आणि भाषा खरंच ओळखीची होती. 'भाडा' म्हणजे भाडं. 'कति?' म्हणजे किती. 'खुद्रा छ?' म्हणजे खुर्दा, सुट्टे आहेत का. आणि सगळ्यात भारी, "अगाडि भिड छ, पछाडि जानुस्!" अगाडी-पिछाडी! त्या पोराचं वाक्य संपायच्या आत अण्णा उठून दोन बायकांना खुणेने मागे सरकवायला लागले होते.

तानसेन डोंगरउतारावरचं नेवार लोकांचं गाव आहे, साधारण तेराशे-चौदाशे मीटरवर. दगडी फरसबंदीच्या चढ्या गल्ल्या, कोरीव लाकडी खिडक्या, खाली पितळी करवे विकणारी दुकानं. चौकात शीतलपाटी नावाची अष्टकोनी पांढरी चौकी आहे, तिथं म्हातारे दिवसभर बसतात. अण्णाही जाऊन बसले. ती बांधली खड्ग शमशेर राणा या पाल्पाच्या, म्हणजे तानसेन ज्यात येतं त्या जिल्ह्याच्या, गव्हर्नराने. १८९६ मध्ये फ्युहरर या जर्मन संशोधकाबरोबर लुंबिनीच्या अशोकस्तंभापाशी होता तो हाच. राणा घराण्याच्या भाऊबंदकीत काठमांडूतून हाकलून इकडे धाडलेला माणूस. बायको वारली तेव्हा त्याने खाली काली गंडकीच्या काठी राणीघाटचा महाल बांधला. तिथं पायवाटेने उतरून जायचं होतं, पण अण्णांच्या गुडघ्यांनी नकार दिला.

दुपारी एका खाजाघरात शिरलो. चूल दर्शनी, चुलीपाशी पन्नाशीची एक दिदी. म्हणाली, पाल्पाला आलात तर चुकौनी खा. माझ्या डोळ्यांसमोर तिने उकडलेले बटाटे हातानेच कुस्करले, जाडसर. वर घट्ट दही, चिरलेला कांदा, हिरवी मिरची, मीठ. मग लोखंडी पळीत मोहरीचं तेल धुरावलं, त्यात मेथीचे दाणे टाकले. ते लाल होऊन काळपट व्हायला आले तशी हळद टाकली, आणि पळी चर्रकन दह्यात उपडी. अण्णा चुलीपर्यंत वाकून बघत होते. "कोशिंबीर आहे ही आपली, मेथीच्या फोडणीची!" दिदीला 'कोशिंबीर' कळलं नाही, पण कौतुक कळलं. भाताबरोबर तिने तीनदा वाढली. नेपाळात डाळ-भाताच्या ताटात भात, डाळ, भाजी पुन्हा वाढून देतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. 'पुग्यो' म्हणेपर्यंत वाढतच राहतात. हा शब्द पहिल्याच दिवशी शिकून घ्यावा. म्हणजे 'पुरे'. दोघांचं बिल पाचशे नेपाळी. अण्णांनी वहीत लिहिलं, '३१२.५०'. वरचे पन्नास पैसे त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटीच तिथल्या श्रीनगर नावाच्या टेकडीवर गेले. थंडीत खालचं माडीचं खोरं धुक्याने काठोकाठ भरतं, त्याला इथले लोक पांढरं तळंच म्हणतात. पलीकडे धौलागिरी आणि अन्नपूर्णेची रांग. ऊन चढलं तसं तळं आटलं आणि खालची शेतं उघडी पडली. परत आले तर अण्णा ढाका नावाचं कापड विणायच्या हातमागावर बसलेल्या बाईशी खुणांनी बोलत होते, डोक्यावर रंगीत ढाका टोपी. जन्मभर पांढरी टोपी घातलेला माणूस! "आईला फोटो पाठवू नकोस," म्हणाले. मी आधीच पाठवला होता.

सहावा आणि सातवा दिवस: पोखरा

तानसेन ते पोखरा सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर, पण पाच तास लागतात. रामदीला काली गंडकीचा पूल, मग स्याङ्जा. मंगसिर महिना, दोन्ही बाजूंना संत्र्यांचे ढीग. नेपाळीत 'सुन्तला'. साल सैल, आकाराने लहान, आंबटगोड.

या गाडीत कागदी तिकीट मिळालं. दारातल्या पोराकडे वीस रुपये परत द्यायला खुद्रा नव्हता. अण्णांनी त्याच्या हातात आपलंच तिकीट दिलं, पेन दिलं आणि खुणेने दाखवलं, मागे लिही, 'बाकी वीस', आणि सही कर. आपल्याकडे एसटीत हा कायदाच आहे, उतरताना तिकीट दाखवायचं आणि बाकी घ्यायची. पोराने हसत हसत लिहून दिलं. पोखऱ्याला उतरताना त्याने वीस रुपये काढून अण्णांच्या हातावर ठेवले आणि 'बुबा' म्हणून नमस्कार केला. तिकीट अण्णांनी वहीत ठेवून दिलं.

पोखऱ्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. फेवा ताल सुंदरच आहे, नावेतून ताल बाराहीच्या देवळात जाताना पाण्यात डोंगर उलटे दिसतात, ते सगळं खरं. पण लेकसाइडचा रस्ता म्हणजे कॉफी, मसाज आणि ट्रेकिंगच्या जॅकेटांची न संपणारी दुकानं. "हे लोणावळाच की," अण्णांनी एका वाक्यात मिटवलं. तानसेनला दोघांची खोली बाराशे नेपाळीत मिळाली, इथं पंधराशे, तीही मागच्या गल्लीत. चहा दुप्पट. एक बरं झालं, दुकानांतल्या 'फोनपे' या नेपाळी कंपनीच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चाललं. २०२४ च्या मार्चपासून ही सोय झालीय. अण्णांना ती पटली नाही. "पैसे हातातून गेले तर कळतं, किती गेले ते."

पण सकाळी गच्चीवर गेलो आणि समोर माछापुच्छ्रे. ६,९९३ मीटर. शेजारी अन्नपूर्णा त्याहून हजार मीटरने उंच, तरी नजर जाते ती याच टोकावर. चढायला बंदी असलेला डोंगर. अधिकृतपणे आजवर कोणी त्याच्या माथ्यावर गेलेलं नाही. टोक दुभंगलेलं, माशाच्या शेपटीसारखं, म्हणून नाव माछापुच्छ्रे.

"मासा," अण्णा म्हणाले. "मच्छिंद्र. आता जवळ आलो."

आठवा दिवस: पृथ्वी राजमार्ग

लेकसाइडच्या एका एजंटाने 'डिलक्स बस, सात तास' म्हणून माणशी हजार नेपाळी घेतले. बसच्या सीटची पाठ मागे जात नव्हती, आणि एसी म्हणजे खिडकी. पोखरा ते मुग्लिन रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं. धूळ इतकी, की दुपारपर्यंत सगळ्या प्रवाशांचे केस एकाच रंगाचे झाले. दोनशे किलोमीटरला साडेदहा तास लागले. नेपाळ स्वस्त आहे हे खरं, पण पैशांत वाचलेलं हे रस्ते कंबरेकडून वसूल करतात. सांधेदुखीवाल्यांनी पोखरा-काठमांडू विमानाचे पैसे बाजूला काढून ठेवावेत. आमच्या तीस हजारांत ते नव्हतं.

आंबुखैरेनीच्या अलीकडे रस्ता मर्स्यांगदी नदीच्या कडेने जातो. पाणी हिरवट-राखाडी, खूप खाली. ऑगस्टमधली ती बस इथंच गेली, याच जिल्ह्यात, याच नदीत, पोखऱ्याहून काठमांडूला जाताना. मी अण्णांना सांगणार नव्हते. पण त्यांनी तनहुँ जिल्ह्याची पाटी वाचली होती. देवनागरी. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुढची तीन-चार वळणं खिडकीतून खाली बघत राहिले. मग ड्रायव्हरकडे बघितलं. त्याच्या पायांकडे, गिअरवरच्या हाताकडे. "बरा चालवतोय," एवढंच म्हणाले.

नववा दिवस: काठमांडू

पशुपतिनाथ, बौद्धनाथ, असनचा बाजार. सगळं बघितलं आणि सगळं गर्दीत. पशुपतिनाथाच्या आत भारतीय हिंदूंना तिकीट नाही. मुख्य पुजारी कर्नाटकातले भट्ट, परंपरेने. बागमतीच्या घाटावर चिता जळत होत्या. अण्णा म्हणाले, "गोदावरीसारखंच. चल." भक्तपूरला जायचं ठरलं होतं, पण कालच्या बसने दोघांचीही हाडं खिळखिळी झाली होती. तिथलं प्रसिद्ध जुजू धौ, मातीच्या वाडग्यातलं गोड घट्ट दही, आम्हाला असनच्या एका दुकानात मिळालं. भक्तपूर झालं असं मानलं.

दहावा दिवस: पाटण

रत्नपार्कवरून मायक्रोबस, माणशी पंचवीस नेपाळी. पाटणच्या दरबार चौकाला तिकीट आहे, सार्क देशांच्या नागरिकांना कमी दर. चौकातलं कृष्णमंदिर अख्खं दगडी आहे, सिद्धिनरसिंह मल्लाने १६३७ मध्ये बांधलेलं. भोवती सगळी विटा-लाकडाची छपरावर छपरं चढवलेली देवळं आणि मध्ये हे शिखराचं. २०१५ च्या भूकंपात आजूबाजूची देवळं कोसळली, हे उभं राहिलं. मला इथं दिवस काढायचा होता. अण्णा अर्ध्या तासात उठले.

तबहाल दक्षिणेला, चालत दहा मिनिटं. गल्लीतून एका मोठ्या अंगणात शिरलो. मधोमध तीन छपरांचं देऊळ, समोर खांबांवर पितळेचे प्राणी, वाळत घातलेलं धान्य, क्रिकेट खेळणारी पोरं. अण्णांनी बाहेरच चपला काढल्या आणि नारळासाठी पिशवीत हात घातला. हा नारळ नाशिकहून आला होता. तेरा किलो सामानात तो कुठे होता ते मला आत्ता कळलं.

गाभाऱ्यात देव नव्हता.

पायरीवर बसलेल्या एका नेवार आजोबांनी हिंदीत सांगितलं. मच्छिंद्रनाथ सहा महिने इथं आणि सहा महिने बुंगमतीला असतात. लोक त्यांना बुंगद्यःच म्हणतात, बुंगमतीचा देव. वैशाखात पाटणच्याच पुलचोकहून उंच रथ निघतो, जावलाखेलला जात्रा संपली की देव पालखीतून बुंगमतीला जातात. आता तिकडेच आहेत. बौद्ध त्यांना करुणामय म्हणतात, अवलोकितेश्वर मानतात, आणि पूजाही तेच करतात. मग त्यांनी गोष्ट सांगितली. गोरखनाथ नागांवर आसन घालून बसले आणि खोऱ्यात बारा वर्षं पाऊस पडला नाही. तेव्हा राजाने त्यांच्या गुरूला आसामातल्या कामरूपातून आणवलं. गुरू आले म्हणजे शिष्याला उठावंच लागणार. गोरख उठले आणि पाऊस पडला.

अण्णांना राहवलं नाही. "आमच्याकडे उलटं आहे. तिकडे स्त्रीराज्यात गुरू अडकले होते आणि शिष्य बोलवायला गेला. 'चलो मच्छिंदर, गोरख आया.'" आजोबांना हे फार आवडलं. त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतलं. मग दोघं म्हातारे बराच वेळ आपापल्या मोडक्या हिंदीत, कोणी कोणाला बोलावलं यावर वाद घालत बसले.

बुंगमती तिथून सहाएक किलोमीटर. लगनखेलवरून बस जाते. पण चार वाजून गेले होते, संध्याकाळी परतायची गाडी मिळेल याची खात्री आजोबा देईनात, आणि आमची सोनौलीची बस पहाटे साडेपाचची, पुढे रेल्वेचं आरक्षण. मी म्हटलं, टॅक्सी करू, होऊ देत खर्च.

अण्णांनी वही काढली, बघितली, मिटली. "खर्चाचं नाही. पहाटेच्या गाडीचं तिकीट काढलंय. उशीर झाला, झोप झाली नाही, गाडी चुकली, मग? प्रवाशाने गाडीसाठी थांबायचं असतं, गाडीने प्रवाशासाठी नाही."

नारळ त्यांनी आजोबांच्या ओंजळीत ठेवला.

अकरावा ते तेरावा दिवस: परत

काठमांडू ते सोनौली अकरा तास. नारायणगढ ते बुटवल या रस्त्याबद्दल काही लिहीत नाही, तो संपेल तेव्हा लिहीन. सीमेवरच्या बेलहियाच्या कमानीखाली अण्णांनी घड्याळ पंधरा मिनिटं मागे घेतलं. रात्र गोरखपूरच्या फलाटावर काढली, दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली.

हिशेब गाडीतच झाला. रेल्वे, बस, राहणं, खाणं, नाव, तिकिटं, एक ढाका टोपी आणि आईसाठी ढाक्याची शाल धरून दोघांचे सत्तावीस हजार दोनशे चाळीस. एका बंडलातल्या सात नोटा उरल्या होत्या. त्या त्यांनी मोजून पाकिटात ठेवल्या.

खांडव्याच्या आसपास त्यांचा डोळा लागला. वही घसरत होती म्हणून मी उचलली, तर आतून तानसेन-पोखऱ्याचं तिकीट खाली पडलं. मागे त्या पोराच्या अक्षरात 'बाकी २०' आणि त्यावर आडवी रेघ. त्याखाली निळ्या पेनाने, अण्णांच्या अक्षरात 'बाकी बुंगमती', आणि पुढे त्यांची सही.